बसवंतचा पहिला प्रश्न

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं रबरी शिक्क्यांचं आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. त्याला चिकटून बसवंतचं. मधली भिंत इतकी पातळ की तो शिंकला तर मला पंखा बंद करावासा वाटतो. त्याच्या पाटीवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत कन्नड, मग इंग्रजी आणि अगदी खाली, रस्त्यावरची धूळ बसते त्या पट्टीत, मराठी: 'सर्व ऑनलाइन अर्ज भरून मिळतील'. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, ही मराठी वाचायला माणसाला गुडघे टेकावे लागतात." तो म्हणाला, "ज्याला गरज आहे तो टेकतो की, नागोजीअण्णा."

गरज असलेले पुष्कळ होते. बसवंत मूळचा खानापूर तालुक्यातला. तिकडची, निपाणीकडची, बेळगावच्या आजूबाजूची जी मराठी माणसं पोटापाण्याला बेंगळुरूत आली, त्यांच्यात एक गोष्ट पक्की झाली होती: पोरगी बारावीला गेली आणि तिला नर्सिंगला घालायचं असलं की आधी बसवंतला विचारायचं. आधार कार्ड, पासपोर्ट, वीजबिल हे सगळं तो करायचाच, पण त्याचा जीव नर्सिंगच्या प्रवेश परीक्षांत होता. का, ते पुढे सांगतो.

खुर्चीमागच्या भिंतीवर त्याने पुठ्ठ्याचा एक मोठा तक्ता लावला होता. स्केचपेनने आखलेला, तीन रकान्यांचा. पहिला कर्नाटकाच्या सीईटीचा: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हीचे वेगळे पेपर. दुसरा महाराष्ट्राच्या नर्सिंग सीईटीचा: एकच पेपर, त्यात हे तीन विषय, शिवाय इंग्रजी आणि रुग्णसेवेचा कल तपासणारे प्रश्न. तिसरा नीटचा: सैन्याच्या नर्सिंगला जायचं तर ही, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. त्याखाली कुठे कोण बसू शकतं, कुठली कागदपत्रं लागतात, हे बारीक अक्षरांत. दरवर्षी तो तपशील बदलले की वर पांढरी पट्टी चिकटवून पुन्हा लिहायचा. पुठ्ठा जाड होत चालला होता.

समोर मुलगी येऊन बसली, शेजारी बाप किंवा मामा उभा राहिला की बसवंत गुण विचारायचा नाही, नाव विचारायचा नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"दाखल्यावर मातृभाषा काय लिहिलीय?"

ऐकणारा गोंधळून जायचा. मग बसवंत समजावून सांगायचा. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात थोड्या जागा वेगळ्या ठेवतात. त्यासाठी घर त्या भागातलं हवं, दहावी-बारावी तिथल्या शाळेतली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. हे तिसरं सगळे गृहीत धरतात आणि घोडं तिथेच अडतं. "घरात मराठी बोलता हो, पण दाखला काय बोलतो ते आधी बघा," असं तो म्हणायचा. इकडचं सरकारही तिकडच्या कन्नड मुलांसाठी असंच काहीतरी करतं, हेही तो न चुकता सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणाचा राग येऊ नये.

मला स्वतःला या सीमेच्या भानगडीचा मनापासून कंटाळा आहे. माझे पणजोबा फौजेबरोबर इथे आले, आम्ही इथलेच झालो, माझ्या मराठीत निम्मं कन्नड आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या पातळ भिंतीतून हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. कधीकधी माझ्याकडे शिक्का घ्यायला आलेल्या माणसालाही मीच गमतीने विचारायचो, मातृभाषा काय?

आता त्याचा नर्सिंगमध्ये जीव का होता ते. बसवंतची बायको शालन जे. पी. नगरच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. बारा वर्षं. बेडपॅन उचलणं, चादरी बदलणं, रुग्णाला कुशीवर वळवणं ही तिची कामं. तिला सुई टोचता येत नाही, पण कुठल्या म्हाताऱ्याला आता ताप चढणार हे ती सिस्टरच्या आधी सांगते, आणि सिस्टर ते आपल्या नावावर डॉक्टरांना सांगतात. घरी आली की ती पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि म्हणायची, "प्रणिता त्या सिस्टरच्या टेबलामागं बसली पायजे. मी ह्या बाजूला, ती त्या बाजूला."

प्रणिता त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की ती आईच्या वॉर्डात जाऊन बसायची आणि तिथून नाडी मोजायला शिकून आली. मग गल्लीत कोणाची सुटका राहिली नाही. दुकानात यायची, माझं मनगट धरायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे अशी गंभीर होऊन बघायची की मी श्वास रोखून धरायचो. "काका, श्वास घ्या, नाहीतर आकडा चुकतो." आठ वर्षांची होती तेव्हा. मला मूलबाळ नाही. ते मनगट धरणं मला किती आवडायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ती आठवीत गेली आणि बसवंत तक्त्यापुढे उभा राहून विचार करायला लागला. एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "अण्णा, पोरीला नववीपासून गावी ठेवतो. दयानंदाकडं." दयानंद त्याचा धाकटा भाऊ, गावी शेतीवाडी बघतो. "बारावीपर्यंत तिथं शिकली की तिला दोन्ही दारं उघडी. इकडची सीईटी आहेच, शिवाय महाराष्ट्रातल्या त्या जागा. इथं शिकली तर एकच दार."

"आणि चार वर्षं पोरगी आईबापाशिवाय?"

"चार वर्षांचं काय अण्णा. पुढं चाळीस वर्षं नोकरी आहे की."

शालनने महिनाभर त्याच्याशी धड बोलणं सोडलं होतं. प्रणिता जाताना रडली नाही, फक्त माझी नाडी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळे आकडे आले. कोविडचं वर्ष होतं. इथल्या शाळेने टीसी परस्पर गावच्या शाळेत पाठवून दिली, बसवंतला हातात घ्यावीही लागली नाही. एक हेलपाटा वाचला म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

इथे बसवंतची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. त्यांच्या घरात कार्य असलं की घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे, गावकरी, वाढपी, सगळ्यांची पानं उठली की मग घरधनी. उरलं तर उरलं. त्याने ही रीत दुकानातही आणली होती. घरचं वीजबिल शेवटच्या दिवशी, शालनचं पॅन कार्ड सगळ्यांचं झाल्यावर. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना स्वतःच्या घरचा कागद उघडणं त्याला उष्टं केल्यासारखं वाटायचं. मी चिडवायचो, तो हसायचा.

गेल्या वर्षी प्रणिता बारावी झाली. तिच्यासाठी बसवंतने तिन्ही रकाने पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. नीट सोडून दिली, कारण पोरगी घाबरली की चुकते आणि तिथे चुकलं की कापतात. उरल्या दोन. प्रणिताचं फिजिक्स कच्चं, इंग्रजी आणि बायोलॉजी चांगलं, आणि रुग्णाला काय हवं असतं या प्रश्नांना तर ती वॉर्डातच वाढलेली. फिजिक्सला कर्नाटकात अख्खा पेपर, महाराष्ट्रात पाचवा हिस्सा. शिवाय त्या वेगळ्या जागांसाठी दावेदार थोडे. बसवंतने सांगितलं, सगळा जोर महाराष्ट्रावर लाव, इकडची नुसती देऊन टाक. मला विचारलं तेव्हा मीही मान डोलावली. हिशेबात खोट कुठेच नव्हती. आजही मला ती सापडत नाही.

इकडची तिने नुसती देऊन टाकली. फिजिक्सचा पेपर अर्धा कोरा. तिकडची मात्र अशी दिली की निकाल लागला तेव्हा बसवंतने धारवाडी पेढ्यांचा खोका आणून माझ्या काउंटरवर उघडाच टाकला. मागच्या वर्षी त्या जागांवर गेलेल्या, त्यानेच अर्ज भरून दिलेल्या मुलींपेक्षा प्रणिताचे गुण कितीतरी जास्त होते. शालन त्या दिवशी युनिफॉर्मवरच दुकानात आली आणि खुर्चीवर बसून राहिली. ती कधी दुकानात बसत नाही. "मुंबईला थंडी नसते न्हवं?" एवढंच तिने मला विचारलं. पोरीला स्वेटर द्यायचा की नाही, हा तिचा विचार चालला होता.

मग प्रवेशाचे अर्ज सुरू झाले. हा खरा अर्ज, कागदपत्रं जोडायचा. बसवंतकडे त्या आठवड्यात अकरा मुली होत्या. अकराही जणींचे दाखले त्याने महिनाभर आधी मागवून, उजेडात धरून वाचले होते. एकीच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकानाच कोरा होता, तर तिच्या बापाला त्याने दोनदा गावी पाठवून तो भरून आणायला लावला. ती मुलगी, शिवलीला तिचं नाव, आज नागपूरला शिकते.

अकराव्या मुलीचा अर्ज गेला. मुदतीला तीन दिवस उरले होते. बसवंतने हात धुतले, दाखला गावी ज्याच्याकडे राहिला होता त्या दयानंदला फोन केला आणि म्हणाला, "आता आमच्या प्रणिताबाईंचा दाखला पाठव रे फोटो काढून."

फोटो आला. भिंतीपलीकडून मला नेहमीचा कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता, तो थांबला. मी डोकावलो तर तो फोन नाकाजवळ धरून बसला होता. मला बघून त्याने फोन पुढे केला. कॉलेज सोडल्याचा दाखला. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व. मातृभाषा: कन्नड.

"गावच्या कारकुनाची चूक असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता.

दयानंद कॉलेजात गेला. कॉलेज म्हणालं, आम्ही शाळेच्या दाखल्यावरून उतरवलं. शाळा म्हणाली, आम्ही बेंगळुरूच्या टीसीवरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवंत मला घेऊन प्रणिताच्या जुन्या प्राथमिक शाळेत गेला. प्रणिताही आली होती, अर्जासाठी गावाहून आलेलीच होती. मुख्याध्यापिका भल्या होत्या. त्यांनी स्वतः कपाट उघडून बारा वर्षांपूर्वीचं प्रवेश रजिस्टर काढलं आणि पान सापडल्यावर आमच्याकडे फिरवलं.

मातृभाषेपुढे कन्नड. शेवटी पालकाची सही. बसवंतची सही मी रोज बघतो, 'ब'ला अशी लांब शेपटी दुसऱ्या कोणाची नाही. आणि नुसती सहीच नव्हे, अख्खी ओळ त्याच्याच अक्षरात होती.

त्याला सगळं आठवलं. तिथे उभ्या उभ्या, प्रणितासमोर त्याने सांगितलं. तो या शहरात नवा होता. सीमेवरून तेव्हा दोन्हीकडे पुन्हा तापलं होतं, कुठे बसच्या काचा फुटल्या होत्या. शाळेतल्या बाईंनी रजिस्टर पुढे करून म्हटलं, तुम्हीच भरा. त्या रकान्याशी पेन थांबलं. मागे रांग होती. त्याला वाटलं, पोरीला वर्गात कोणी वेगळी म्हणू नये, एका शब्दाने काय होतं. आणि लिहून टाकलं. रजिस्टर मिटल्यावर तो ते विसरूनही गेला. पुढची बारा वर्षं तो तोच रकाना दुसऱ्यांच्या पोरींना विचारत राहिला.

प्रणिताने त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं, आणि रजिस्टर हलक्या हाताने मिटून बाईंकडे सरकवलं.

दुरुस्ती होते. पालकाने अर्ज द्यायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, ते शिक्षण खात्याच्या कचेरीत जाणार, तिथून हुकूम येणार, मग शाळा, मग गावची शाळा, मग कॉलेज. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "स्वल्प वेळ लागेल." बसवंतने विचारलं, किती? त्या म्हणाल्या, चार महिने, कदाचित सहा. आमच्याकडे दोन दिवस होते.

त्याच दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

"अण्णा, एक शिक्का पायजे."

"कसला?"

त्याने कॉलेजच्या प्राचार्यांचं नाव एका कागदावर लिहून काउंटरवर ठेवलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. खूप वर्षांपूर्वी, मी नवीन मशीन घेतलं तेव्हा, यानेच मला सांगितलं होतं: लेटरहेडवर मागणीपत्र असल्याशिवाय कोणाचाही शिक्का बनवू नकोस, देव आला तरी. मी तो नियम पाळला. माणसं माझ्या पाया पडली, शिव्या देऊन गेली, पण मी बधलो नाही. आणि आता तोच समोर उभा होता.

मी म्हटलं, "मागणीपत्र आण."

असं का म्हटलं, मला ठाऊक नाही. सरळ नाही म्हणता आलं असतं. त्याने कागद उचलला, नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. "सरी, अण्णा," असं कन्नडात 'बरं' म्हणाला आणि शटर वर करून निघून गेला. मी बरोबर वागलो हे मला कळतं. पण काउंटरवर मनगट टेकवून बसलो की अजून ती दुपार आठवते, आणि बरोबर वागल्याचं समाधान म्हणून जे काही असतं ते मला आजतागायत मिळालेलं नाही.

अर्ज त्या जागांत गेला नाही. ती सवलत नसेल तर महाराष्ट्राला प्रणिता परक्या राज्यातली, म्हणून तिथे बाद. कर्नाटकात तिचा क्रमांक इतका लांबचा होता की सरकारी कॉलेजांच्या याद्या एकामागून एक लागल्या आणि संपल्या. खासगी कॉलेज त्यांच्या आवाक्यात नव्हतं. शालनने एकदाच तोंड उघडलं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बसवंतला म्हणाली, "जगाच्या पोरींचे दाखले वाचलात. आपली तेवढी शेवटच्या पंगतीला बसवलीत. जेवण संपलं."

बसवंतने दुरुस्तीचा अर्ज दिला. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे म्हणाला. प्रणिता म्हणाली, "चार वर्षं दिली की, अप्पा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. गावी गेलेली पोरगी सणावाराला यायची तेव्हा गाडीतून उतरून आधी माझं मनगट धरायची. आता ती समोरून जायची, हसायची, आणि जायची. एकदा मी काउंटरवर हात उताणा ठेवून मुद्दाम म्हटलं, "बघ गं, धडधडतंय." ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवा, काका. आम्हाला काय कळतं त्यातलं."

तक्ता अजून भिंतीवर आहे. त्यावर या वर्षीची पांढरी पट्टी लागलेली नाही. मुली येतात, बसवंत अर्ज भरून देतो, पण परीक्षांची तुलना करून सांगायचं त्याने सोडलं. कुठली देऊ म्हणून कोणी विचारलं तर म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. पहिला प्रश्न तेवढा जात नाही. तो त्याच्या तोंडाला बसला आहे. वीजबिलवाला आला तरी ओठ हलतात.

प्रणिताला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. सलाईनच्या नळ्या पिशवीत भरून तोंड सील करायचं. दवाखान्याशी संबंध आहे, असं शालन लोकांना सांगते. मागच्या सोमवारी त्या कामाचा अर्ज भरायचा होता, ऑनलाइनच. या वेळी बसवंतने दुकान उघडल्या उघडल्या सगळ्यात आधी पोरीला समोर बसवलं. बाहेर तीन माणसं ताटकळत होती. मी कार्डाला लावायचा फोटो कापून द्यायला म्हणून त्यांच्या दुकानात उभा होतो.

त्याने चष्मा लावला, अर्ज उघडला, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि पडद्याकडे बघत सवयीने बोलून गेला, "दाखल्यावर मातृभाषा काय लिहिलीय?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्याने बोटं कीबोर्डवरून उचलली. मी फोटो हातात धरून उभा राहिलो.

"कन्नड," प्रणिता म्हणाली. "तुमच्याच अक्षरात आहे, अप्पा. लिहा."

त्याने लिहिलं.